पॉज बटण नसलेला खेळ
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

व्यासपीठावर बसलेले आपले सर आणि बाई, समोरची माझी १९९३च्या दहावीची बॅच, आणि मागे दाटीवाटीने बसलेल्या आमच्या नंतरच्या बॅचेसच्या मंडळींनो,

मला इथे उभं करण्याचं कारण आहे आपला व्हॉट्सअॅप ग्रुप. गणपतीच्या आधी कुणीतरी मारिओचा फोटो टाकला आणि त्याखाली मेसेजची रांग लागली. "काय दिवस होते ते!" "गेम म्हणजे ते गेम." "आताच्या पोरांना काय कळणार, नुसतं मोबाइलमध्ये तोंड खुपसलेलं." त्यावर आपल्यापैकी एकाच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाने बापाच्याच फोनवरून उत्तर टाकलं, "काका, तुमचा तो गेम अर्ध्या तासात संपतो. मग तुम्ही वर्षानुवर्षं तोच का खेळत होतात?" ग्रुप दोन दिवस शांत होता. मग संयोजकांनी ठरवलं की याचं उत्तर मी द्यायचं, कारण माझं दुकान लॅमिंग्टन रोडवर आहे. कागदोपत्री तो डॉ. भडकमकर मार्ग, पण गिरगावात ते नाव पोस्टमनच घेतो. वीस-बावीस वर्षं मी तिथे दुरुस्तीला बसतो. तुमच्या पिढीचे जुने खोके माझ्याकडे येतात आणि तुमच्या मुलांचे फोन आणि कंट्रोलरही येतात. काउंटरच्या या बाजूला बसून दोन्ही पिढ्यांचं बोलणं ऐकायला मिळतं. तेवढ्या भांडवलावर बोलतो.

आधी आपलं बघू. आपल्याकडे १९९०च्या आसपास जो व्हिडिओ गेम आला तो मुळात जपानी. निन्तेन्दो कंपनीने १९८३मध्ये काढलेल्या फॅमिकॉम नावाच्या यंत्राच्या त्या नकला. आपण त्यांना मीडिया, लिटल मास्टर, टर्मिनेटर अशा नावांनी ओळखायचो. कॅसेटवर छापलेलं असायचं '९९९९ गेम', आणि आत डझनभर गेम पुन्हा पुन्हा फिरवलेले. पण त्या डझनभरात मारिओ होता, काँट्रा होता, बदकं मारायचा डक हंट होता. १९८५चा मारिओ किती मोठा होता माहीत आहे? ४० किलोबाइट. ग्रुपवर तुम्ही सकाळी फुलांचा फोटो आणि 'शुभ प्रभात' टाकता ना, तो त्याहून मोठा असतो.

एवढ्याशा जागेत बनवणाऱ्यांना फार स्टेज बसवता येत नव्हत्या. मग गेम पुरवायचा कसा? अवघड करून. शिवाय काँट्रासारखे बरेच गेम आधी नाणं टाकून खेळायच्या मशीनसाठी बनले होते. तिथे तर खेळणारा लवकर आऊट व्हावा यातच मालकाचा फायदा. म्हणजे आपण ज्याला 'काय कठीण गेम होता!' म्हणून मिरवतो, त्या कठीणपणामागे जागेची टंचाई होती आणि गल्ल्याचा हिशेबही होता.

आणि आपली स्वतःची टंचाई वेगळीच. मजल्यावर खोल्या दहा, टीव्ही तीन, व्हिडिओ गेम एक. तोही मे महिन्यात भाड्याने आणलेला. बहुतेक कॅसेटमध्ये खेळ साठवून ठेवायची सोय नसायची. लाइट गेली की सातव्या स्टेजवरून थेट पहिलीवर. रिमोट दोन आणि पोरं अकरा. म्हणून नियम पडला, 'एक लाईफ तुझी, एक माझी.' आऊट झालेला उठायचा आणि मागे उभा राहून खेळणाऱ्याला अक्कल शिकवायचा. अशा परिस्थितीत माणसाला काय आवडायला लागतं? नेमकेपणा. कुठल्या विटेत मशरूम आहे, कुठल्या पाइपातून खाली जाता येतं, कुठल्या पावलाला उडी मारायची, हे पाठ असणं. दुसऱ्याची लाईफ वाया न घालवणं. जगातले तरबेज खेळाडू आज मारिओ पाच मिनिटांच्या आत संपवतात. आपल्याला तेवढ्याला चार सुट्ट्या लागल्या, आणि त्या चार सुट्ट्याच आपल्याला आवडल्या होत्या. त्या मुलाच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे.

काँट्राचं गुपित आठवतं का? वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए. मग तीस लाईफ. (टाळ्या नकोत, बोटं हलताना दिसली मला.) हे आपल्याला कुणी सांगितलं? ना मासिकात वाचलं, ना इंटरनेट होतं. जपानमध्ये काझुहिसा हाशिमोतो नावाच्या माणसाने १९८६मध्ये 'ग्रॅडियस' नावाच्या गेमची घरगुती आवृत्ती करताना ही युक्ती घातली, कारण तपासणीसाठी खेळताना त्याला स्वतःलाच तो गेम जड जात होता. ती युक्ती तोंडातोंडी फिरत लालबाग-परळच्या चाळींपर्यंत आली आणि तिथून कुणाच्या तरी मामेभावाबरोबर गिरगावात पोचली. आपल्या पिढीची गेमची गोडी ही अशी, माहिती दुर्मीळ असण्याची गोडी.

इथे एक गोष्ट बोलायला हवी. आपण 'आपण' म्हणतो तेव्हा त्यात वर्गातल्या मुली किती? मागच्या आठवड्यात आपल्यातल्या दोघी दुकानात आल्या होत्या. त्यांनी मला सरळ विचारलं, "आमच्या हातात रिमोट कधी आला होता रे?" गेमच्या दुकानात तर त्या पाऊलही ठेवत नसत. पहिली पाळी भावाची, दुसरी भावाच्या मित्राची, आणि यांची पाळी यायची तोवर बातम्यांची वेळ. तेव्हा 'काय दिवस होते' म्हणताना ते कुणाचे दिवस होते हेही बघावं.

मधली पिढी, म्हणजे २०००च्या आसपास दहावी झालेली, यांनी दोन्ही पाहिलं. शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बाईंची पाठ वळली की डेव्ह आणि १९८९चा प्रिन्स ऑफ पर्शिया. त्यात राजकन्येला सोडवायला पुरा एक तास मिळायचा आणि आपला तास पस्तीस मिनिटांचा. मग सायबर कॅफे आले, काउंटर-स्ट्राइक आला, नोकियावरचा साप आला. या मंडळींना पहिल्यांदा कळलं की समोरचा शत्रू हा पलीकडच्या खुर्चीवर बसलेला आपलाच मित्र असू शकतो.

आता तुमची मुलं. ती काय पाहतात? माझी मुलगी एकोणीस वर्षांची. तिला मी मारिओ दाखवला तेव्हा ती म्हणाली, "बाबा, छान आहे, पण हा पळतोय का?" मी म्हटलं, राजकन्येला सोडवायला. "ती कोण? तिला कुणी नेलं? का नेलं?" मी तीस वर्षांत हे प्रश्न विचारले नव्हते. तिच्यासाठी गेम म्हणजे गोष्ट, चित्र आणि संगीत. तिने मला 'राजी' नावाचा गेम दाखवला. २०२०मध्ये आलेला, आणि पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने केलेला. एक सर्कशीतली मुलगी आपल्या धाकट्या भावाला शोधायला निघते, दुर्गेने तिला शस्त्र दिलेलं असतं. त्यातल्या वाड्यांच्या कमानी, भिंतीवरची चित्रं ती थांबून थांबून बघत होती. मी म्हणत होतो, "अगं, पुढे चल, मागून राक्षस येईल." ती म्हणाली, "येऊ दे. बघू तर दे." दोन पिढ्यांतला फरक त्या वाक्यात आला. मला स्टेज पार करायची होती. तिला तिथे असायचं होतं.

माइनक्राफ्ट घ्या. पूर्ण स्वरूपात तो २०११मध्ये आला. त्यात 'हे कर' असं कुणी सांगतच नाही. पोरं ठोकळ्यांनी घरं बांधतात, गावं वसवतात. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या मुलाने त्यात आपली पाडलेली चाळ बांधली होती, जिना आणि सामाईक नळासकट. आपल्याला त्यात गेम दिसत नाही, कारण आऊट कोण झालं हे कळत नाही.

आणखी एक तक्रार नेहमी ऐकतो. "खेळतात ते ठीक, पण तासन्तास दुसऱ्याचा खेळ बघत काय बसतात?" मंडळी, अकरातली नऊ पोरं खुर्चीमागे उभी राहून काय करत होती? आणि रविवारी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून आपण कुणाचा खेळ बघतो, स्वतःचा? बघण्यातली मजा तीच आहे. आपण खेळणाऱ्याच्या डोक्यावर टपली मारू शकत होतो, ही मुलं ती कॉमेंटमध्ये मारतात.

इथवर आवडीनिवडी झाल्या. पण मला जे सांगायचं आहे ते यापुढचं आहे.

मार्च २०२०मध्ये लॉकडाउन लागला. पबजी मोबाइल २०१८पासून पोरांच्या हातात होताच. त्या सहा-सात महिन्यांत खाली खेळायला बंदी, शाळा बंद, आणि दहा बाय बाराच्या खोलीत किंवा टॉवरच्या अठराव्या मजल्यावर बसलेली मुलं. संध्याकाळी चौघं त्या गेममध्ये भेटत. खेळ कमी, गप्पा जास्त. "तुझ्याकडे काय भाजी?" "आजोबा कसे आहेत?" मी दुकान उघडल्यावर फोन दुरुस्त करता करता हे ऐकलेलं आहे. २ सप्टेंबर २०२०ला सरकारने त्या अॅपवर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला तो देशात पूर्ण बंद झाला. कारणं सुरक्षेची होती, त्यात मी पडत नाही. त्या आठवड्यात परळचा एक नववीतला मुलगा दुकानात आला. फोनला काहीच झालं नव्हतं. म्हणाला, "काका, गेम नको. फक्त आतली फ्रेंड लिस्ट काढून द्याल का?" त्याचे दोन मित्र होते, एक कोल्हापूरचा आणि एक नागपूरचा. दोघांशी तो रोज बोलायचा. त्यांची खरी नावं त्याला ठाऊक नव्हती. नंबर कधी घेतला नव्हता, कारण गरजच पडली नव्हती. रोज तिथेच तर भेटायचे.

मी त्याला म्हटलं, ती यादी फोनमध्ये नसते रे, कंपनीकडे असते. तो काही बोलला नाही. फोन खिशात घालून गेला.

जुलै २०२१मध्ये तो गेम नव्या नावाने परत आला, २०२२मध्ये पुन्हा गेला, २०२३मध्ये पुन्हा आला. त्या मुलाला कोल्हापूरचा मित्र भेटला. नागपूरचा भेटला नाही.

आता मला सांगा, हे दुःख गिरगाव, दादर, परळ, लालबागच्या माणसाला समजावून सांगायला लागतं का? आपल्या चाळी रिकाम्या झाल्या तेव्हा काय झालं? कुणी ट्रान्झिट कॅम्पमध्ये, कुणी डोंबिवलीला, कुणी विरारला. आपण कुणी पत्ते घेतले होते? शेजारच्याचा पत्ता कशाला घ्यायचा, तो गॅलरीतच तर असतो! हा मेळावा भरवायला संयोजकांना दोन वर्षं लागली, त्यातलं दीड वर्ष नुसतं माणसं शोधण्यात गेलं. आपल्या यादीत अजून चौदा नावांपुढे 'संपर्क नाही' असं लिहिलेलं आहे.

म्हणून माझं म्हणणं इतकंच आहे. आपल्यासाठी गेम ही वस्तू होती, गॅलरीत आणून ठेवलेली. या मुलांसाठी गेम हीच गॅलरी आहे. आपण त्यांना विचारतो, "किती वेळ खेळतोस?" गॅलरीत किती वेळ उभा होतास, हे आपल्याला कुणी मोजून विचारलं होतं का? आई विचारायची, "कुणाबरोबर होतास?" तो प्रश्न बरोबर होता. आजही तोच विचारायला हवा.

याचा अर्थ सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही. माझ्या काउंटरवर फुगलेल्या बॅटऱ्या येतात, कारण चार्जिंगला लावून रात्रभर खेळलेलं असतं. आपल्या मशीनच्या दुकानाला रात्री शटर पडायचं. यांच्या दुकानाला शटरच नाही. रोज आलास तर बक्षीस, नाही आलास तर नुकसान, अशी रचना मुद्दाम केलेली असते. मुलींचं म्हणाल तर आज त्या भरपूर खेळतात, पण आवाज ऐकून कुणी घाणेरडं बोलू नये म्हणून अनेकजणी माइक बंद ठेवतात. रिमोट मिळाला, बोलायची मोकळीक अजून पुरती मिळालेली नाही. आणि पैसे लावून खेळायचे जे प्रकार होते त्यांनी घरं बुडवली. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदी आणली आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सना खेळ म्हणून मान्यता दिली. सरकारने हा फरक केला. आपण घरात अजून करत नाही. आपल्याला सगळं एकच, 'मोबाइल'.

तेव्हा शटर आपणच व्हायला हवं, हे खरं. पण कसं? आपल्या रिमोटवर स्टार्टचं बटण होतं. आईने 'जेवायला चल' म्हटलं की दाबलं, मारिओ हवेत थांबायचा, वरण-भात खाऊन परत यायचं. यांच्या मॅचला ते बटण नाही. पंचवीस-तीस मिनिटांची मॅच, चौघांचा संघ. एक मधेच उठला की उरलेले तिघं अडकतात. मुलगा 'दोन मिनिटं' म्हणतो तेव्हा तो नेहमीच उद्धटपणा नसतो. गॅलरी क्रिकेटमध्ये आपली बॅटिंग झाल्यावर फील्डिंग न करता घरी पळणाऱ्याला आपण काय म्हणायचो ते आठवा. मी माझ्या घरी इतकंच केलं. जेवणाच्या आधी विचारतो, "ही मॅच किती वाजता संपेल?" आणि पुढची सुरू होऊ देत नाही. भांडणं संपली असं नाही, पण दार आपटणं थांबलं.

आता शेवटचा मुद्दा, आणि हा आपल्यापेक्षा त्यांना जास्त लागू आहे. आपली कॅसेट पस्तीस वर्षांनंतरही चालते. लोक ती फुंकतात. फुंकू नका, तोंडाच्या वाफेने धातूच्या पट्ट्या खराब होतात. खोडरबराने हलकेच पुसा. लागते. डक हंटची बंदूक मात्र नव्या टीव्हीवर चालत नाही. गिऱ्हाइकं बंदूक बिघडली म्हणून घेऊन येतात. बंदूक ठीक असते. चाप ओढला की क्षणभर पडदा काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदूक तो उजेड टिपते. हे सगळं जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेगावर बेतलेलं आहे. एलईडी टीव्हीला चित्र दाखवायला जो किंचित उशीर होतो, त्यात बदक सुटतं. तरी, जुना टीव्ही मिळाला तर आपलं बालपण अजून सुरू करता येतं.

यांचं येणार नाही. २०१४मध्ये 'द क्रू' नावाचा मोटारींचा गेम आला होता. लोकांनी दुकानातून पैसे देऊन घेतला. मार्च २०२४च्या अखेरीस कंपनीने सर्व्हर बंद केले आणि विकत घेतलेली डिस्क घरात असूनही गेम संपला. त्यावरून युरोपात मोहीम उभी राहिली आणि दहा लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. अमेरिकेत २०१०पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज सरळ मार्गाने विकत मिळत नाहीत, असं तिथल्या एका संस्थेने २०२३मध्ये मोजून सांगितलं. तुमची मुलं पंचेचाळिशीची होतील, त्यांनाही असं कुणी मेळाव्यात उभं करेल, पण पुसून लावायला कॅसेट त्यांच्याकडे नसेल.

म्हणून दोन कामं सांगतो. एक तुमच्यासाठी. घरी गेल्यावर मुलाच्या किंवा मुलीच्या शेजारी बसा आणि म्हणा, "तुझी जागा दाखव." सल्ला देऊ नका, हातातून फोन घेऊ नका. त्यांच्या मित्रांची नावं विचारा. दुसरं काम मुलांसाठी, आणि आज इथे बरीच मुलं आली आहेत म्हणून थेट त्यांनाच सांगतो. बाळांनो, ज्याच्याशी रोज खेळता तो शाळेतला, क्लासमधला, खालच्या मजल्यावरचा असेल तर त्याचं खरं नाव आणि नंबर वहीत लिहून ठेवा. लांबचा, न पाहिलेला असेल तर आधी आईबाबांना सांगा, त्यांनाही बोलू द्या, मग लिहा. वहीत. फोनमध्ये नव्हे. तुमची गॅलरी एका संध्याकाळी पाडतील, नोटीस न देता. आमच्या वेळी निदान बिल्डर चहाला तरी यायचा.

जेवणानंतर तळमजल्यावरच्या सातवी 'ब'च्या वर्गात मी पिक्चर ट्यूबचा टीव्ही लावून ठेवला आहे. कॅसेट पुसलेली आहे, बंदूक चालते. पहिली पाळी आपल्या बॅचच्या मुलींची, त्यांची तीस-पस्तीस वर्षांची बाकी आहे. नियम तोच, एक लाईफ तुझी, एक माझी. आणि ज्या मुलाने तो प्रश्न विचारला होता तो आला असेल तर त्याने बापाच्या मागे उभं राहून अक्कल शिकवावी, अशी माझी विनंती आहे.